'व्हॉमिट' कळतं, पण 'थ्रो अप' कळत नाही: स्पॅनिश माणसाला सोपं इंग्रजी अवघड का जातं?

१९८० सालची गोष्ट. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात १८ वर्षांच्या एका मुलाला बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलमध्ये आणलं गेलं. घरची मंडळी मूळची क्यूबाची, स्पॅनिश बोलणारी. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की मुलगा 'इन्तोक्सिकादो' आहे. क्यूबन स्पॅनिशमध्ये याचा अर्थ होतो, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टरांना ऐकू आलं 'इन्टॉक्सिकेटेड', म्हणजे नशेत आहे.

मग ड्रग्जचा ओव्हरडोस झालाय असं समजून उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. खरं निदान होईपर्यंत उशीर झाला होता आणि त्या मुलाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. पुढे प्रकरण कोर्टात गेलं. सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरच्या भरपाईवर तडजोड झाली.

या प्रकरणात व्यावसायिक दुभाष्याला बोलावलं गेलं नव्हतं. शब्द ओळखीचा वाटला आणि अर्थ कळला असं दोन्ही बाजूंनी गृहीत धरलं.

स्पॅनिश ही जवळपास ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे. एकट्या अमेरिकेत ४ कोटींहून जास्त लोक घरात स्पॅनिश बोलतात. यातल्या अनेकांना शाळेत इंग्रजी शिकवलेलं असतं, व्याकरणही ठीकठाक येतं. तरी दुकानात, बांधकामाच्या साइटवर किंवा दवाखान्यात समोरचा बोलायला लागला की गाडी अडते. अडतं ते मोठ्या शब्दांपाशी नाही. अडतं ते 'पुट ऑफ', 'पास आउट', 'हँग ऑन' अशा चिमुकल्या शब्दांपाशी आणि रोजच्या वाक्प्रचारांपाशी.

असं का होतं? आणि यातून बाहेर कसं पडायचं? समजून घेऊया.

## आधी थोडा इतिहास: इंग्रजीची दोन कपाटं

इंग्रजी भाषेत शब्दांची दोन कपाटं आहेत असं समजा.

पहिलं कपाट जुनं, जर्मनिक घराण्यातलं. गो, कम, पुट, गेट, टेक, अप, डाउन, आउट हे शब्द यातले. घरात, शेतात, बाजारात बोलली जाणारी भाषा ही.

दुसरं कपाट आलं १०६६ नंतर. त्या वर्षी फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. राजदरबार आणि कोर्टकचेरीत फ्रेंच शिरली. चर्च आणि विद्वानांची भाषा लॅटिन होतीच. त्यामुळे इंग्रजीत हजारो लॅटिन आणि फ्रेंच शब्द आले. आज इंग्रजी शब्दकोशातले निम्म्याहून जास्त शब्द या मुळातले आहेत. पण रोजच्या बोलण्यात सगळ्यात जास्त वापरले जाणारे शंभर शब्द काढले, तर ते जवळपास सगळे पहिल्या कपाटातले निघतात.

आता स्पॅनिश भाषा आली कुठून? थेट लॅटिनमधून. म्हणजे इंग्रजीचं दुसरं कपाट स्पॅनिश माणसासाठी आधीच उघडं आहे. बंद आहे ते पहिलं.

काही जोड्या बघा:

- 'पोस्टपोन' लगेच कळतं, कारण स्पॅनिशमध्ये 'पोस्पोनेर' आहे. तोच अर्थ सांगणारं 'पुट ऑफ' कळत नाही.
- 'टॉलरेट' कळतं, कारण 'तोलेरार' आहे. 'पुट अप विथ' कळत नाही.
- 'एक्स्टिंग्विश' कळतं, कारण 'एक्स्तिंगीर' आहे. आग विझवण्यासाठीचं 'पुट आउट' कळत नाही.
- 'डिस्कव्हर' कळतं, कारण 'देस्कुब्रीर' आहे. 'फाइंड आउट' कळत नाही.
- 'कंटिन्यू' कळतं, कारण 'कोन्तिनुआर' आहे. 'गो ऑन' कळत नाही.

आपल्याकडे इंग्रजी माध्यमात न शिकलेल्या मुलाला 'एक्स्टिंग्विश' अवघड वाटतो आणि 'पुट आउट' सोपा. स्पॅनिश माणसाचं बरोबर उलटं होतं.

## मराठीत सांगायचं तर 'वाट' लागते

हा त्रास मराठी माणसाला चटकन कळेल असं एक उदाहरण आहे.

समजा, एखादा बंगाली माणूस मराठी शिकतोय. 'प्रतीक्षा', 'प्रारंभ', 'विलंब' हे शब्द त्याला शिकवावे लागणार नाहीत. संस्कृतमधून आलेले असल्याने ते त्याच्याही भाषेत आहेत. पण 'वाट' या शब्दाचा अर्थ रस्ता, एवढं सांगून त्याला पुण्यात सोडून दिलं, तर काय होईल?

कुणी म्हणेल, 'मी वाट बघतोय'. कुणी म्हणेल, 'परीक्षेत वाट लागली'. कुणी सांगेल, 'यातून काहीतरी वाट काढू'. चौथा दम देईल, 'माझ्या वाटेला जाऊ नकोस'. रस्ता एकच, पण बघितला की थांबणं, लागला की सत्यानाश, काढला की उपाय आणि त्याला गेलं की भांडण. शब्द दोन्ही माहीत आहेत, तरी अर्थ हाती लागत नाही.

इंग्रजीत 'पुट', 'गेट', 'टेक' या क्रियापदांचं असंच आहे. मागे अप, डाउन, ऑफ, आउट यातलं काही लागलं की अर्थ बदलतो. त्यात स्पॅनिश माणसाला आणखी एक अडचण असते. त्याच्या भाषेत दिशा क्रियापदाच्या पोटातच असते. आत जाणं म्हणजे 'एन्त्रार', बाहेर पडणं म्हणजे 'सालीर', वर चढणं म्हणजे 'सुबीर', खाली उतरणं म्हणजे 'बाखार'. मराठीतही शिरणे, निघणे, चढणे, उतरणे असे सुटे शब्द आहेतच. इंग्रजी मात्र एकच 'गो' घेते आणि त्याला इन, आउट, अप, डाउन जोडत जाते. त्यामुळे शेवटच्या छोट्या शब्दाकडे कान द्यायची सवयच स्पॅनिश माणसाला नसते आणि नेमका तिथेच अर्थ असतो.

बोलताना हे छोटे शब्द एकमेकांत विरघळतातही. 'गेट आउट ऑफ इट' कानावर 'गेडाउडव्हिट' असं काहीतरी पडतं. स्पॅनिशमध्ये प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ मिळतो. इंग्रजीत जोर असलेली अक्षरं ठळक आणि बाकीची गिळलेली असतात. कागदावर ओळखता येणारा वाक्प्रचार कानाला ओळखू येत नाही, तो यामुळे.

## डॉक्टर 'सोपं' बोलतात आणि पेशंटला कळेनासं होतं

खरी अडचण होते ती दवाखान्यात.

पेशंटला इंग्रजी कमी येतं असं दिसलं की डॉक्टर किंवा नर्स आपणहून सोपं बोलायला जातात. 'व्हॉमिट' हा शब्द जड वाटेल म्हणून विचारतात, 'डिड यू थ्रो अप?'. 'अनकॉन्शस'ऐवजी 'डिड यू पास आउट?'. 'इन्फ्लमेशन'ऐवजी 'हॅज द स्वेलिंग गॉन डाउन?'.

हेतू चांगला, पण परिणाम उलटा. उलटीला स्पॅनिशमध्ये 'बोमितार' म्हणतात. बेशुद्ध म्हणजे 'इन्कोन्सिएन्ते'. सूज म्हणजे 'इन्फ्लामासिओन'. म्हणजे तो 'जड' वैद्यकीय शब्द पेशंटला कळला असता. 'थ्रो अप'चा शब्दाला शब्द लावला तर 'वर फेकणे' होतं. काय फेकलं, कुठे फेकलं, हे पेशंटला कळत नाही. तो मान हलवतो. मान हलवली की तिकडे 'हो' अशी नोंद होते.

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या हॉस्पिटलना इंग्रजी न येणाऱ्या पेशंटसाठी भाषेची सोय करावी लागते. पेशंटने मोफत दुभाषा मागणं हा त्याचा हक्क आहे. तरी गर्दीच्या वेळी, रात्री-अपरात्री 'कळतंय ना थोडंफार' म्हणत वेळ मारून नेली जाते. अमेरिकेत डॉक्टर किंवा नर्स म्हणून काम करणारी मराठी मंडळीही बरीच आहेत. त्यांच्यासाठी यातला धडा साधा आहे. समोर स्पॅनिश बोलणारा पेशंट असेल तर लॅटिन मुळाचा शब्द वापरून बघा आणि महत्त्वाच्या प्रश्नाला दुभाष्याशिवाय पुढे जाऊ नका.

## वाक्प्रचारांचे तीन गठ्ठे

क्रियापदांचं झालं. आता खरेखुरे वाक्प्रचार.

यावर १९८६ साली एक गाजलेला अभ्यास झाला. अमेरिकन संशोधक सुझान इरुहो यांनी इंग्रजी उत्तम येणाऱ्या १२ व्हेनेझुएलन लोकांना ४५ इंग्रजी वाक्प्रचार दिले. त्यातले १५ स्पॅनिशमध्ये जसेच्या तसे होते, १५ थोडे वेगळे आणि १५ पूर्ण वेगळे. अर्थ कळतो का आणि स्वतः वापरता येतो का, दोन्ही तपासलं.

पहिला गठ्ठा: जसेच्या तसे. 'ब्रेक द आइस', म्हणजे अनोळखी लोकांमधला अवघडलेपणा घालवणं. स्पॅनिशमध्येही बर्फच फोडतात. 'प्ले विथ फायर' तिकडेही आगीशीच खेळणं आहे, जसं मराठीत आहे. या गठ्ठ्यातले वाक्प्रचार समजायलाही सोपे गेले आणि वापरायलाही.

दुसरा गठ्ठा: थोडे वेगळे. मराठीत आणि इंग्रजीत एका दगडात दोन पक्षी मारतात, स्पॅनिशमध्ये बंदुकीच्या एका बारात. महागड्या वस्तूची किंमत इंग्रजीत 'एक हात आणि एक पाय' असते, स्पॅनिशमध्ये 'चेहऱ्यावरचा एक डोळा'. मांजराला इंग्रजीत नऊ जन्म, स्पॅनिशमध्ये सातच.

तिसरा गठ्ठा: पूर्ण वेगळे. धो धो पाऊस इंग्रजीत 'मांजरं आणि कुत्री' होऊन पडतो, स्पॅनिशमध्ये घागरींनी ओततो आणि मराठीत मुसळासारख्या धारांनी कोसळतो. अगदी सोपं काम इंग्रजीत 'केकचा तुकडा', स्पॅनिशमध्ये 'पान कोमीदो' म्हणजे खाऊन झालेला पाव आणि मराठीत डाव्या हाताचा मळ. कधीच न होणारी गोष्ट इंग्रजीत 'डुकरं उडतील तेव्हा' होते, स्पॅनिशमध्ये 'बेडकांना केस फुटतील तेव्हा'.

सगळ्यात अवघड तिसरा गठ्ठा गेला, यात नवल नाही. पण महत्त्वाचा निष्कर्ष दुसऱ्या गठ्ठ्याचा होता. 'थोडे वेगळे' वाक्प्रचार ऐकून जवळजवळ पहिल्या गठ्ठ्याइतकेच कळत होते. स्वतः वापरायची वेळ आली की मात्र स्पॅनिश मध्ये घुसत होती. पूर्ण वेगळ्या वाक्प्रचारात ही घुसखोरी कमी होती, कारण तिथे माणूस आधीच सावध असतो.

अभ्यासाच्या शीर्षकातच याचं उदाहरण आहे. बोलताना चूक करून बसणं याला इंग्रजीत 'स्वतःचं पाऊल तोंडात घालणं' म्हणतात. स्पॅनिशमध्ये 'मेतेर ला पाता', म्हणजे तंगडी आत घालणं. दोन्हींची सरमिसळ होऊन तयार होतं 'तंगडी तोंडात घालणं'. इरुहो यांच्या लेखाचं नाव तेच होतं: तंगडी तोंडात घालू नका.

## एकच पाय, तीन भाषा

पायाचंच उदाहरण पुढे नेलं तर गोंधळ किती वाढू शकतो ते दिसतं.

इंग्रजीत 'पुलिंग समवन्स लेग' म्हणजे थट्टा करणं, फिरकी घेणं. स्पॅनिशमध्ये त्यासाठी पाय नाही, केस आहेत. 'तोमार एल पेलो', म्हणजे केस घेणं. पण 'एस्तिरार ला पाता', म्हणजे तंगडी ताणणं, हा वाक्प्रचार स्पॅनिशमध्ये आहे आणि त्याचा अर्थ आहे मरणं. म्हणजे 'तुझा पाय ओढतोय' याचा शब्दाला शब्द लावणारा स्पॅनिश माणूस थट्टेपासून थेट मरणापर्यंत जाऊ शकतो.

मराठी माणसाचंही इथे चुकतंच. आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे कुणाला पुढे जाऊ न देणं. इंग्रजीत 'ही इज पुलिंग माय लेग' ऐकलं की आपल्याला वाटतं, ऑफिसात कुणीतरी राजकारण करतंय. प्रत्यक्षात तो माणूस गंमत करत असतो.

## शब्दाला शब्द लावला की...

काही वाक्प्रचार दिसायला इतके साधे असतात की ते वाक्प्रचार आहेत हेच कळत नाही. त्यामुळे माणूस शब्दकोश उघडतच नाही.

'हेड्स अप!' शब्दशः 'डोकी वर'. अर्थ मात्र 'सावध, काहीतरी येतंय'. वरून काही पडत असताना हे ऐकून कुणी खरंच डोकं वर केलं, तर वाचण्याऐवजी लागेल. अमेरिकेच्या बांधकाम क्षेत्रात साधारण दर तीन कामगारांमागे एक हिस्पॅनिक आहे. कामाच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण कामगाराला कळेल अशाच भाषेत द्यावं, असं तिथल्या कामगार सुरक्षा यंत्रणेने २०१० मध्ये स्पष्ट केलं.

'पुल ओव्हर'. गाडी रस्त्याच्या कडेला घ्या, हा पोलिसांचा आदेश. अर्जेंटिना आणि क्यूबात 'पुलोवेर' हा अंगात घालायचा कपडा आहे.

'टेल मी अबाउट इट'. 'काय उकडतंय आज' असं म्हटल्यावर सहकारी हे म्हणतो. नवखा माणूस उन्हाळ्याबद्दल सविस्तर सांगायला लागतो. सहकाऱ्याला म्हणायचं असतं, 'मला काय सांगतोस, मीही तेच भोगतोय!'

'आय ॲम गुड'. अजून थोडं वाढू का, याचं उत्तर. अर्थ 'नको, बास'. आपण चांगला माणूस असल्याचं कुणी सांगत नसतं.

'शूट'. एक प्रश्न विचारू का, असं म्हटल्यावर समोरचा म्हणतो 'शूट'. अर्थ 'विचार की'.

## फसवे मित्र: ओळखीचा चेहरा, वेगळा माणूस

सुरुवातीच्या घटनेतला 'इन्तोक्सिकादो' वाक्प्रचार नव्हता. तो होता भाषाशास्त्रात ज्याला 'फॉल्स फ्रेंड' म्हणतात तसा फसवा मित्र. लॅटिनचं उघडं कपाट बहुतेक वेळा मदत करतं, पण मधूनच दगा देतं.

- 'एम्बारासादा' म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर.
- 'एक्सितो' म्हणजे बाहेर जायचा रस्ता नव्हे, यश.
- 'सेन्सिब्ले' म्हणजे समंजस नव्हे, हळवा.
- 'आसिस्तीर' म्हणजे बहुतेक वेळा मदत करणं नव्हे, हजर राहणं.
- 'मोलेस्तार' म्हणजे फक्त त्रास देणं. इंग्रजीतल्या 'मोलेस्ट'चा अर्थ लैंगिक अत्याचाराकडे जातो. 'त्याने मला त्रास दिला' हे सांगताना हा शब्द वापरला गेला, तर साधी तक्रार गंभीर आरोप बनते.
- 'कोन्स्तिपादो' म्हणजे स्पेनमध्ये सर्दी झालेला. इंग्रजीत 'कॉन्स्टिपेटेड' म्हणजे बद्धकोष्ठ झालेला. औषधाच्या दुकानात हा फरक महागात पडतो.

मराठी आणि हिंदीतही असे मित्र आहेतच. हिंदीत 'शिक्षा' मिळाली की पदवी मिळते, मराठीत तुरुंगवास. फरक इतकाच की हिंदी आपल्या कानावर रोज पडते, म्हणून आपण फसत नाही.

## बेसबॉल माहीत असेल तर अर्धं काम सोपं

अमेरिकन ऑफिसातले बरेच वाक्प्रचार बेसबॉलमधून आले आहेत. 'टच बेस' म्हणजे थोडक्यात संपर्क साधणं. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा. 'कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित अडचण. आपण 'गुगली टाकली' म्हणतो, तसंच हे.

इथे सगळे स्पॅनिश भाषक सारखे नसतात. क्यूबा, डोमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला हे बेसबॉलवेडे देश. तिथल्या माणसाला 'कर्व्हबॉल' समजावून सांगायची गरज नाही. स्पेन किंवा अर्जेंटिनाचा माणूस फुटबॉलवर वाढलेला. त्याच्यासाठी हा वाक्प्रचार आपल्याला वाटतो तितकाच परका असतो.

## मग शिकायचं कसं?

पाठांतर करून पाचशे वाक्प्रचारांची यादी डोक्यात बसत नाही आणि बसली तरी वेळेवर आठवत नाही. कामाला येणाऱ्या गोष्टी या:

१. आधी तीन गठ्ठे करा. नवा वाक्प्रचार ऐकला की आपल्या भाषेतला शेजारी ठेवा. सारखा असेल तर सोडून द्या. पूर्ण वेगळा असेल तर लिहून ठेवा. थोडासाच वेगळा असेल तर त्याखाली लाल रेघ ओढा, कारण चूक तिथेच होणार आहे.

२. अखंड शिका. 'पुट'चा अर्थ, 'अप'चा अर्थ, 'विथ'चा अर्थ असं तोडू नका. 'पुट अप विथ' हा एकच लांब शब्द समजा आणि एका पूर्ण वाक्यासकट लक्षात ठेवा.

३. मूळ शोधा. बेल्जियमचे भाषाशास्त्रज्ञ फ्रँक बूअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलंय की वाक्प्रचार आला कुठून हे कळलं की तो जास्त लक्षात राहतो. 'लर्न द रोप्स' म्हणजे कामाची माहिती करून घेणं. शिडाच्या जहाजावर नव्या खलाशाला आधी दोर शिकावे लागत. 'जंप द गन' म्हणजे घाई करणं. शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजाआधी धावत सुटणं. एकदा हे चित्र डोळ्यांसमोर आलं की अर्थ पुन्हा विसरत नाही.

४. ओळखणं आधी, वापरणं नंतर. ऐकून कळणं गरजेचं आहे, स्वतः बोलणं नाही. 'कॅट्स अँड डॉग्ज'वाला पाऊस पुस्तकात हमखास सापडतो. रस्त्यावरचा माणूस बहुधा नुसतं 'इट्स पोअरिंग' म्हणतो. कुठे, कोण, कुणाशी बोलताना काय म्हणतो, हे आधी ऐका.

५. कामाच्या जागेपासून सुरू करा. हॉटेलात काम करणाऱ्याला हॉटेलातले, साइटवरच्याला साइटवरचे. दवाखान्यात लागणारे 'थ्रो अप', 'पास आउट', 'कम डाउन विथ' मात्र सगळ्यांनीच आधी शिकावेत.

६. परत विचारा. 'म्हणजे नक्की काय?' हे विचारण्यात कमीपणा नाही. आपल्याला कळलेलं आपल्या शब्दांत परत सांगितलं की गैरसमज तिथल्या तिथे उघडा पडतो.

## आणि चुका? त्यांचीही भाषा होते

या गोष्टीला दुसरी बाजू आहे. स्पॅनिश फक्त इंग्रजी शिकत नाही, ती इंग्रजीला बदलतेही.

१९५९ च्या क्यूबन क्रांतीनंतर लाखो क्यूबन लोक मायामी आणि आसपास आले. आज तिथे जन्मलेली, इंग्रजीच मातृभाषेसारखी बोलणारी मुलंसुद्धा 'गेट डाउन फ्रॉम द कार' म्हणतात. बाकी अमेरिका 'गेट आउट ऑफ द कार' म्हणते. स्पॅनिशमध्ये गाडीतून 'उतरतात', म्हणून हे 'डाउन'. तसंच 'मॅरीड टू'ऐवजी 'मॅरीड विथ' आणि पार्टी 'थ्रो' करण्याऐवजी 'मेक' करणं. फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीतले भाषाशास्त्रज्ञ फिलिप कार्टर यांनी या बोलीचा अभ्यास केला आहे. त्यांच्या मते या चुका नाहीत, तर मायामीत घडत असलेली इंग्रजीची नवी बोली आहे.

आपल्याला हे ओळखीचं वाटेल. 'डोकं खाऊ नको'चं 'डोन्ट ईट माय हेड' आपल्याकडे कित्येक जण सहज म्हणतात.

उलट्या दिशेनेही वाहतूक आहेच. अमेरिकेतल्या स्पॅनिशमध्ये 'कॉल बॅक'चं शब्दशः भाषांतर होऊन 'यामार पारा आत्रास' रूढ झालंय. इंग्रजीतलं 'मोमेंट ऑफ ट्रुथ' हे मुळात स्पेनच्या बैलझुंजीतलं. बैलावर शेवटचा वार करण्याचा तो क्षण. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या १९३२ च्या 'डेथ इन द आफ्टरनून' या पुस्तकातून तो इंग्रजीत पोहोचला. देशातल्या छुप्या शत्रूंना 'फिफ्थ कॉलम' म्हणतात, तेही १९३६ ला सुरू झालेल्या स्पेनच्या यादवी युद्धातून आलंय. पवनचक्क्यांशी लढणं आलं ते सर्व्हांतेसच्या 'दोन किहोते'मधून. हे वापरताना इंग्रज माणसाला आपण स्पॅनिश वाक्प्रचार बोलतोय हे जाणवतही नाही.

म्हणून पार्टी 'थ्रो' केली काय आणि 'मेक' केली काय, बिघडत काही नाही. लोक हसतील, दुरुस्त करतील, कदाचित उद्या तेही तसंच म्हणतील. सावध राहायचं ते आजारपण, पोलीस, कोर्ट आणि कामावरचा धोका या ठिकाणी. तिथे शब्द ओळखीचा वाटला म्हणून पुढे जायचं नाही. थांबायचं, परत विचारायचं आणि दुभाषा मागायचा.